कंसातली कबुतरं

ताई, आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर आम्हाला वन बीएचके मिळालाय. आम्ही दोघं हॉलमध्ये झोपतो, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा बेडरूममध्ये. दिवाळीपासून मुलाचा खोकला थांबत नाही. सासूबाईंना आता लिफ्टपासून दारापर्यंत यायलाही धाप लागते. समोरची चाळ पाडायचं काम सुरू आहे म्हणून मी खिडक्या दिवसभर बंद ठेवते, तरी टीव्हीवर धूळ बसतेच. रात्री एसी आणि मच्छर कॉइल. ह्यांनी कुठेतरी वाचून सहा स्नेक प्लांट आणले, आता वीस हजारांचा एअर प्युरिफायर हप्त्यावर घ्यायचा म्हणतात. घ्यावा का? आणि खिडकी उघडी ठेवू की बंद? सासूबाईंचा दोन्ही वेळेला धूप असतो, त्यावर बोललं की वाद. (त्यांच्या खिडकीत एसीच्या मागे कबुतरं येतात, त्यांना दाणे टाकतात. सासरे गेल्यापासून तेवढाच विरंगुळा.)
— एक सून, लालबाग

प्रिय सूनबाई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी कंसात टाकलंत. खिडकी आणि प्युरिफायरकडे येते, पण आधी कबुतरं.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं एका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात तंत्रज्ञ होते. रुग्णाच्या तोंडात नळी द्यायची आणि ‘फुंका, अजून फुंका, सोडू नका’ असं दिवसभर ओरडायचं, हे माझं काम. फुप्फुसं किती हवा किती जोराने सोडतात ते त्यात मोजतात, त्याला स्पायरोमेट्री म्हणतात. कोरडा खोकला आणि धाप घेऊन कुणी आलं की आमचे डॉक्टर विडी-सिगारेटच्या आधी विचारायचे, ‘घरी कबुतरं येतात का हो?’ बायका बुचकळ्यात पडायच्या. मला श्वास घेता येईना आणि हा कबुतरांची चौकशी करतोय!

कबुतराची विष्ठा वाळली की तिचा भुगा होतो. पंख फडफडले की पिसांवरची पांढरी पूड उडते. एसीच्या मागची ती अरुंद जागा म्हणजे या दोन्हींचं कोठार. तिथून ते खिडकीच्या फटींतून आत येतं. त्यातली प्रथिनं काही माणसांच्या शरीराला शत्रूसारखी वाटतात, आणि रोज थोडं थोडं आत जात राहिलं की फुप्फुसं आतून सुजायला लागतात. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे अँटिबायोटिकचे कोर्स करून हाती काही लागत नाही. महिनोन् महिने कोरडा खोकला, चालताना धाप, थकवा, कधी वजन उतरणं. घरचे म्हणतात वय झालं, नाहीतर दमा म्हणून पंप सुरू होतो. एकाच घरात चौघं राहतात आणि एकालाच होतं, म्हणून ‘आम्हाला कुठे काय झालं’ हा युक्तिवादही बाद.

सासूबाईंना हेच आहे असं मी म्हणत नाही. धापेची कारणं डझनभर असतात, हृदयापासून हिमोग्लोबिनपर्यंत. पण या आजारात वेळ फार महत्त्वाची आहे. सूज लवकर ओळखली आणि कबुतरं लांब गेली, तर फुप्फुसं बऱ्याच अंशी सावरतात. उशीर झाला तर सुजेच्या जागी व्रण धरतात, आणि तो भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून या आठवड्यातच छातीविकारतज्ज्ञाकडे न्या. केईएम तुम्हाला जवळ आहे. स्पायरोमेट्री आणि गरज वाटल्यास छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन, ते सांगतील. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कबुतरांबद्दल तुम्ही स्वतः सांगा. पत्रात कंसात टाकलंत तसं तिथे करू नका.

मुलाचंही सांगून ठेवते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला की क्षयाची तपासणी करून घ्यायची, हा आपल्याकडचा साधा नियम आहे, आणि तुमचा हिशेब दिवाळीपासूनचा आहे. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. बहुधा बालदमा किंवा अॅलर्जी निघेल, पण ‘बहुधा’वर मुलाला ठेवू नये.

आता सासूबाईंना सांगायचं कसं? २०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा रस्त्यावर केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही पाहिलंच असेल. शहराला जे शांतपणे जमलं नाही ते एका सुनेने दोन खोल्यांच्या घरात करायचं, म्हणजे अवघडच. शिवाय तुम्हीच लिहिलंय, सासरे गेल्यापासून. त्या दाण्यांत नुसते दाणे नाहीत. म्हणून तुम्ही बोलूच नका, डॉक्टरांना बोलू द्या, आणि तेही सासूबाईंच्या मुलासमोर. आपल्याकडे सुनेने सांगितलेली गोष्ट टोमणा असते आणि डॉक्टरने सांगितलेली पथ्य. पथ्य पाळायची आपल्या बायकांना सवय असते. नातवाचं नाव घेतलं तर आणखी लवकर पटेल, कारण तोही त्याच खिडकीखाली झोपतो. दाण्यांचे पैसे गाईच्या चाऱ्याला देता येतील. त्या सकाळच्या अर्ध्या तासाला मात्र दुसरं काहीतरी हवं, नाहीतर दाणे लपूनछपून सुरूच राहतील. त्यांच्या जुन्या चाळीतल्या मैत्रिणी आता कुठल्या मजल्यांवर आहेत, ते जरा शोधा.

दुसरी गोष्ट त्याच खोलीतली, आणि ती मला कबुतरांइतकीच खटकली. एसी, बंद खिडकी आणि कॉइल, तिन्ही एकदम! स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. म्हणजे रात्रभर कॉइलचा धूर त्याच दोघांच्या छातीतून फिरतोय. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉइल जाळून मोजणी केली होती. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले. हे वाचलं तेव्हा मी डोक्याला हात लावला होता, कारण माझ्या मुलीच्या पाळण्याखाली मी स्वतः दोन वर्षं कॉइल लावलेली आहे. दिवसभर दुसऱ्यांची फुप्फुसं तपासून घरी यायचं आणि कॉइल पेटवायची. त्यामुळे तुम्हाला बोल लावायचा मला काही अधिकार नाही.

कॉइल आजपासून बंद. मच्छरदाणी लावा, खिडकीला बारीक जाळी बसवून घ्या. मुंबईत डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही आहेत, तेव्हा डास चावू द्या असं कुणी सांगणार नाही. प्लगमधल्या लिक्विडला धूर नसतो, पण तेही कीटकनाशकच आहे. लावायचंच झालं तर झोपण्याआधी तासभर, खिडकी थोडी उघडी ठेवून, आणि झोपताना बंद.

धुपाचं वेगळं. धूप आणि अगरबत्तीचा धूरही छातीला धूरच असतो, देवाचा म्हणून वेगळा नसतो. पण तिथे ‘बंद करा’ म्हणायची गरज नाही. तेलाची समई किंवा निरांजन राहू द्या, फुलं राहू द्या, वासासाठी चंदन उगाळा. धूप सणावाराला, खिडकीपाशी, आरती झाली की विझवायचा. कापराची वडी एक पुरे. माझ्या आईने चाळीत आयुष्यभर धूप घातला, पण तिच्या दारासमोर अख्खी गॅलरी होती. धूर खोलीत घुटमळायच्या आतच खाली रस्त्यावर पोहोचायचा. तुमच्या टॉवरमध्ये दारासमोर गॅलरी नाही, बंद पॅसेज आणि लिफ्ट आहे. घर बदललं, सवयी त्याच राहिल्या, हा मला तुमच्या पत्रातला खरा घोळ वाटतो. हे मुद्दाम लिहिते, कारण वाद होतो तेव्हा सासूबाईंना वाटत असणार की आम्ही जन्मभर हेच केलं, तेव्हा काही झालं नाही. त्यांचं म्हणणं त्या घरापुरतं बरोबरही होतं.

स्वयंपाकघराचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण फोडणी प्रत्येक घरात असते. पाइपचा गॅस रॉकेलच्या स्टोपेक्षा कितीतरी स्वच्छ, तरी त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि दम्याच्या मुलाला तो झोंबतो. तेल तापून धूर सुटला, बोंबील तळले की बारीक कणांची नुसती गर्दी होते. चिमणी असेल तर तिचा पाइप भिंतीतून बाहेर गेलाय का बघा. पुष्कळ नव्या घरांत बाहेर पाइपच नसतो. ती चिमणी तेलकटपणा थोडा धरते आणि बाकीचं पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडते. तशी निघाली तर दीड-दोन हजारांचा एक्झॉस्ट फॅन तिच्यापेक्षा कामाचा. गॅस पेटवायच्या आधी तो लावायचा आणि स्वयंपाक संपल्यावर आणखी पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. तळण मागच्या, भिंतीकडच्या बर्नरवर. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर साफ करून घ्या. निळी असली पाहिजे. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या मात्र घरी अजिबात भाजू नका. लालबागमध्ये राहून ते करायचं म्हणजे हद्दच झाली; मसाला गल्लीत भाजून, कुटून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, खिडकी. मुंबईची हिवाळ्यातली हवा घड्याळ बघून वागते. रात्री वारा पडतो, जो काही असतो तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. गार हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण, आणि त्याखाली दिवसभराची धूळ नि धूर कोंडून राहतो. सकाळी सात वाजता परळचे टॉवर धुरकट दिसतात ते त्यामुळे. आपण तेव्हाच ‘ताजी हवा’ म्हणून खिडक्या सताड उघडतो. ऊन चढलं, समुद्रावरचा वारा सुरू झाला की ते झाकण उठतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या उघडायच्या त्या साधारण बारा ते पाचच्या दरम्यान. पण तुमच्याकडे नेमकं तेव्हाच समोर पाडकाम! तर मजूर जेवायला बसतात ती वेळ साधा, काम थांबल्यावर तासभर घ्या, आणि रविवारी काम बंद असेल तर अख्खी दुपार. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडल्या की वीस मिनिटांतही खोलीतली हवा बदलते. एकच उघडून दोन तास ठेवली तरी तेवढं होत नाही. पावसाळ्यात उलट करा. पाऊस हवा धुऊन काढतो, तेव्हा बाहेरची हवा तुमच्या घरातल्यापेक्षा चांगली असते. तेव्हा शत्रू म्हणजे ओल आणि बुरशी. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा, एवढं केलं तरी मागची काळी बुरशी कमी होते.

दिवसभर बंद मात्र ठेवू नका. टीव्हीवरची धूळ डोळ्यांना दिसते म्हणून तिची भीती वाटते. ती जाडी असते, बरीचशी नाकात अडकते. पीएम २.५ म्हणतात ते कण दिसत नाहीत, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान, ते थेट खोल उतरतात. तुमच्या घरात ते कॉइल, धूप आणि कढईतून तयार होतायत, आणि बंद खिडकी त्यांना बाहेर जाऊ देत नाही.

केंद्रीय प्रदूषण मंडळाचं ‘समीर’ हे अॅप फोनवर घ्या, शिवडी किंवा वरळीचा आकडा बघा. त्यावर ‘समाधानकारक’ दिसलं तरी फार खूश होऊ नका. आपल्या मोजपट्टीत पीएम २.५ दिवसाच्या सरासरीत घनमीटर हवेमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत समाधानकारक धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ आहे. अॅपवरचा हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला तर त्या दिवशी सासूबाई आणि मुलाच्या खोलीची खिडकी बंदच राहू द्या. स्वयंपाक चालू असताना मात्र स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट कुठल्याही दिवशी हवाच.

समोरच्या पाडकामाबद्दल गप्प बसू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: भोवती उंच पत्रे, मोठ्या प्रकल्पांना किमान ३५ फुटी, इमारतीला ओलं हिरवं कापड, राडारोड्यावर पाण्याचा फवारा, झाकलेले ट्रक. समोर यातलं काय दिसतंय याचे फोटो काढा. सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयाला पत्र द्या, तिच्याच १९१६ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा. एकट्या सुनेच्या फोनपेक्षा चाळीस बिऱ्हाडांच्या सह्या जड असतात.

प्युरिफायर. घ्या, पण सगळ्यात शेवटी. कॉइल जळत असताना प्युरिफायर लावणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. कबुतरांचा आजार निघाला तर त्याच्यावर तो उपाय नाहीच, कबुतरं हटवणं हा आहे. ते सगळं करून झाल्यावर बेडरूमपुरता एक घ्यायला हरकत नाही. खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा दोन गोष्टी बघा. फिल्टर खरा हेपा आहे का, तो ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के पकडतो. आणि सीएडीआर किती, म्हणजे तासाला किती स्वच्छ हवा देतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली म्हणजे २५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १२५ घनमीटर लागतात. पूर्ण वेगात त्याचा आवाज होतो आणि मग रात्री कुणीतरी उठून तो बंद करतं, म्हणून २०० च्या पुढचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. आयोनायझर किंवा ओझोनवाला नको, ओझोन छातीला वाईट. बदलायच्या फिल्टरची किंमत दुकानातच विचारा. हप्ता संपतो, फिल्टर संपत नाहीत.

स्नेक प्लांटवरून ह्यांना फार चिडवू नका. १९८९ मध्ये नासाने बंदिस्त पेटीत झाडं ठेवून प्रयोग केला होता, तिथून ही कथा निघाली. २०१९ मध्ये संशोधकांनी असे सगळे प्रयोग पुन्हा तपासले. खिडक्या-दारांतून नेहमी जेवढी हवा ये-जा करते तेवढं काम करायला चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील, असा हिशेब निघाला. तुमच्या बेडरूमला कमीत कमी नव्वद कुंड्या. मग सासूबाईंनी झोपायचं कुठे? सहा आहेत त्या राहू द्या, दिसायला छान असतात. फक्त माती सतत ओली ठेवू नका.

केर काढताना केरसुणीने धूळ उडते, म्हणून आधी ओलं फडकं फिरवा. पंख्याची पाती ओल्या कापडाने. उशांचे अभ्रे नि चादरी आठवड्याला कढत पाण्यात. पिसांची उशी असेल तर ती लगेच बाहेर काढा. संडास धुताना अॅसिड आणि ब्लीच कधी एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो बाहेर बसवून घ्या. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि आत गेलेलं माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतं.

राहिली ती एसीमागची जागा. नवव्या मजल्यावरून वाकून तुम्ही किंवा ह्यांनी काही करायचं नाही. कबुतरजाळी लावणारे पट्टा बांधून काम करतात, त्यांना बोलवा. आधी बघायला सांगा, अंडी-पिल्लं आहेत का. पिल्लं असली तर महिन्याभरात उडून जातात; तेवढे दिवस त्या खोलीची खिडकी बंद ठेवा आणि आजी-नातवाची गादी हॉलमध्ये घाला. सफाईच्या दिवशी दोघांनाही दुसऱ्या कुणाकडे पाठवा. सुकी विष्ठा खरवडायची नाही, झाडायची तर नाहीच. साबणाचं पाणी भरपूर शिंपडून अर्धा तास भिजू द्यायची, मग ओली असतानाच उचलून पिशवीत बांधायची. काम करणाऱ्याला एन-९५ मास्क आणि हातमोजे तुम्ही द्या, त्याच्याकडे बहुधा नसतील. मग जाळी घट्ट बसवून घ्या, एसीची गाळणी धुवा, पडदे धुवायला टाका, खोली ओल्या फडक्याने दोनदा पुसा. खिडकी दुपारभर उघडी ठेवा आणि सासूबाईंना दिवेलागणीनंतरच घरी आणा.